कोणता किलो काढायचा?

स्पोर्ट्‌स मोटारीच्या वजनाचे पदार्थविज्ञान

१९७२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात पश्चिम जर्मनीतील पोर्शे कंपनीने एक नवी स्पोर्ट्‌स मोटार मांडली. तिचे नाव ‘९११ करेरा आर. एस. २.७’. कंपनीला ही मोटार शर्यतीत उतरवायची होती. परंतु शर्यतीच्या त्या गटात भाग घ्यायचा, तर त्या जातीच्या किमान ५०० मोटारी तयार केल्या पाहिजेत, असा नियम होता. एवढ्या मोटारी खपवायच्या, म्हणजे त्या रोजच्या रस्त्यावरही चालल्या पाहिजेत. म्हणून कंपनीने तिचे दोन मुख्य प्रकार काढले. एक ‘स्पोर्ट’ आणि दुसरा ‘टूरिंग’.

दोन्ही प्रकारांचे एंजिन एकच, २१० अश्वशक्तीचे. बाहेरचा आकार जवळजवळ एकच. फरक होता तो वजनात. टूरिंगचे वजन १,०७५ किलोग्रॅम, तर स्पोर्टचे ९६० किलोग्रॅम. म्हणजे ११५ किलोग्रॅमचा फरक.

विद्यार्थिमित्रांनो, प्रयोगशाळेत आपण काय करतो? एक राशी बदलतो, बाकीच्या शक्य तितक्या स्थिर ठेवतो आणि परिणाम मोजतो. येथे तोच प्रयोग एका कारखान्याने आपल्यासाठी करून ठेवला आहे. कंपनीने दिलेले आकडे असे: थांबलेल्या स्थितीपासून ताशी १०० किलोमीटर वेग गाठण्यास स्पोर्टला ५.८ सेकंद लागत, टूरिंगला ६.३ सेकंद. कमाल वेग अनुक्रमे ताशी २४५ व २४० किलोमीटर. हे आकडे आपल्याला काय शिकवतात ते पाहू.

(काटेकोरपणे बोलायचे, तर पुढे बहुतेक ठिकाणी ‘वस्तुमान’ हा शब्द हवा. ‘वजन’ म्हणजे त्या वस्तुमानावरील पृथ्वीचे आकर्षण. व्यवहारात दोन्हींसाठी ‘वजन’ म्हणण्याची रीत आहे. तीच आपण ठेवू. गणितात मात्र वस्तुमान घेऊ.)

वेग घेणे: न्यूटनचा दुसरा नियम

त्वरण = बल ÷ वस्तुमान, हा नियम तुम्हाला पाठ आहे. बल तेच असेल आणि वस्तुमान कमी केले, तर त्वरण वाढते. पण आपण हेच ऊर्जेच्या वाटेने पाहू, कारण त्यातून अधिक काही कळते.

चालकाचे वस्तुमान ७५ किलोग्रॅम धरले, तर स्पोर्टचे एकूण वस्तुमान १,०३५ आणि टूरिंगचे १,१५० किलोग्रॅम होते. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. गतिज ऊर्जा = ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग. या सूत्राने स्पोर्टची गतिज ऊर्जा सुमारे ४ लाख ज्यूल येते आणि टूरिंगची सुमारे ४ लाख ४४ हजार ज्यूल. आता प्रत्येक ऊर्जेला तिच्या वेळेने भागा. स्पोर्टसाठी उत्तर येते सुमारे ६९ किलोवॉट, टूरिंगसाठी सुमारे ७० किलोवॉट.

दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखीच! म्हणजे दोन्ही मोटारींत एंजिन सरासरी तेवढ्याच शक्तीने काम करत होते. हलक्या मोटारीला काम कमी होते, म्हणून ते लवकर संपले. अर्ध्या सेकंदाचे सारे रहस्य एवढेच.

येथे चौकस विद्यार्थी विचारील, की २१० अश्वशक्ती म्हणजे तर सुमारे १५४ किलोवॉट. मग सरासरी ७० किलोवॉटच का? एंजिनाची कमाल शक्ती त्याच्या एका विशिष्ट फेरवेगालाच मिळते. गिअर बदलताना काही क्षण चाकांना बळच मिळत नाही. आरंभी टायर घसरतात. काही शक्ती फिरणाऱ्या भागांना गती देण्यात आणि हवेला बाजूला सारण्यात खर्च होते. या साऱ्यातून जे उरते, ते आपले ७० किलोवॉट.

कमाल वेग: येथे वजनाची फारशी मातब्बरी नाही

वजनातला फरक अकरा टक्क्यांचा, पण कमाल वेगातला फरक केवळ दोन टक्क्यांचा. असे का? कमाल वेगाला त्वरण शून्य असते. एंजिनाची सारी शक्ती तेव्हा हवेच्या विरोधाशी झुंजण्यात जाते आणि हवेला मोटारीच्या वजनाशी काही देणेघेणे नसते. तिला फक्त आकार आणि वेग कळतो. वजनाचा संबंध येतो तो टायरच्या लोळण-घर्षणातून. ११५ किलोग्रॅम अधिक वजनामुळे हे घर्षण सुमारे १७ न्यूटनांनी वाढते. ताशी २४५ किलोमीटर वेगाला एकूण विरोध मात्र २,००० न्यूटनांच्या घरात असतो. तेव्हा सरळ, लांबलचक रस्त्यावर कमाल वेगच हवा असेल, तर वजन काढण्यापेक्षा आकार सुधारणे अधिक शहाणपणाचे.

ब्रेक: अर्धा लिटर उकळते पाणी

मोटार थांबवायची, म्हणजे तिची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलायची. ताशी २०० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबताना टूरिंगच्या ब्रेकांना स्पोर्टच्या ब्रेकांपेक्षा सुमारे १ लाख ७७ हजार ज्यूल अधिक उष्णता बाहेर टाकावी लागते. एवढ्या उष्णतेत अर्धा लिटर पाणी २० अंश सेल्सियसपासून उकळीपर्यंत आणता येईल. रोजच्या रस्त्यावर असा प्रसंग क्वचित येतो. पण शर्यतीच्या मार्गावर दर फेरीत अनेक वळणे येतात आणि प्रत्येक वळणापूर्वी जोरात ब्रेक लावावा लागतो. ब्रेकांना थंड व्हायला उसंत मिळत नाही. फार तापलेल्या ब्रेकांची पकड ढिली पडते. म्हणून शर्यतीच्या मोटारीत वजन कमी करणे म्हणजे ब्रेकांचे आयुष्य, आणि कधी चालकाचेही आयुष्य, वाढवणे होय.

वळण: येथे एक गंमत आहे

वळण घेण्यास अभिकेंद्री बल लागते. ते वस्तुमान × वेगाचा वर्ग ÷ वळणाची त्रिज्या एवढे असते. हे बल टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते आणि त्याची कमाल मर्यादा घर्षण गुणांक × वस्तुमान × गुरुत्व त्वरण इतकी असते. ही दोन्ही समान धरली, तर दोन्हीकडचे वस्तुमान निघून जाते! उरते ते असे: वेगाचा वर्ग = घर्षण गुणांक × गुरुत्व त्वरण × त्रिज्या. घर्षण गुणांक १ आणि त्रिज्या ५० मीटर असेल, तर कमाल वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर येतो. हे उत्तर हलक्या मोटारीला लागू तसेच जड मोटारीलाही.

मग हलकी मोटार वळणावर चपळ का असते? कारण पाठ्यपुस्तकातला घर्षणाचा नियम रबराला तंतोतंत लागू पडत नाही. टायरवरचा भार दुप्पट केला, तर त्याची पकड दुपटीहून थोडी कमी वाढते. म्हणजे भार वाढला, की घर्षण गुणांक किंचित उतरतो. तेच टायर हलक्या मोटारीला लावले, तर प्रत्येक किलोग्रॅममागे पकड अधिक मिळते.

वजन न वाढवता टायरवरचा दाब वाढवता आला तर? तीच युक्ती आर. एस. मोटारीच्या मागच्या झाकणावरील बदकाच्या शेपटीसारख्या उंचवट्यात होती. वेगात जाताना मोटारीचा मागचा भाग हवेमुळे उचलला जाऊ लागतो. या शेपटीने ती उचल कमी होई आणि मागची चाके रस्त्याला अधिक घट्ट धरून राहत. दाब वाढला, वस्तुमान मात्र जवळजवळ तेवढेच राहिले.

सगळे किलो सारखे नसतात

तराजूला सगळे किलोग्रॅम सारखे, पण मोटारीला नव्हेत. तीन ठिकाणचे किलो विशेष महाग असतात.

पहिले ठिकाण म्हणजे चाके. चाकाच्या कडेशी असलेले वस्तुमान मोटारीबरोबर पुढे जाते आणि शिवाय फिरतेही. पुढे जाण्याची ऊर्जा ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग. घसरल्याविना लोळणाऱ्या चाकाच्या कडेचा, आसाच्या संदर्भातला वेगही तेवढाच असतो, म्हणून फिरण्याची ऊर्जाही तेवढीच. बेरीज केली, की वेग घेताना टायरच्या कडेचा एक किलो हा आसनाखालच्या दोन किलोंबरोबर होतो! शिवाय चाके, त्यांचे आस आणि ब्रेक हा भाग स्प्रिंगांच्या खाली असतो. खड्ड्यातून किंवा उंचवट्यावरून जाताना जड चाक उसळते आणि क्षणभर रस्ता सोडते. त्या क्षणी पकड शून्य. हलके चाक रस्त्याचा पाठलाग चटकन करते. पोर्शेने ९११ साठी दाबाखाली घडवलेल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या चाकांची वाट धरली, त्यामागे हा विचार होता.

दुसरे ठिकाण म्हणजे उंची. कडब्याने उंच भरलेली बैलगाडी वळणावर कलंडते, हे तुम्ही पाहिले किंवा ऐकले असेल. मोटार कलंडली नाही, तरी वळणावर तिचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. गुरुत्वमध्य जितका उंच, तितका हा भार अधिक सरकतो. बाहेरच्या टायरवर भार फार झाला, की वर सांगितल्याप्रमाणे एकूण पकड घटते. म्हणून छपरातून काढलेले पाच किलो तळातून काढलेल्या पाच किलोंहून अधिक मोलाचे.

तिसरे ठिकाण म्हणजे दोन्ही टोके. मोटारीला दिशा बदलायची, म्हणजे स्वतःभोवती थोडे फिरायचे. या फिरण्याला वस्तुमानाचा होणारा विरोध मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. मध्यापासून दोन मीटरवरचा किलो हा एक मीटरवरच्या किलोच्या चौपट विरोध करतो. स्पोर्ट प्रकारात एंजिनावरचे झाकण पोलादाऐवजी फायबरग्लासचे केले, ते नेमके मोटारीच्या मागच्या टोकाला होते.

वजन काढण्याच्या चार वाटा

पहिली वाट सर्वांत सोपी: नको ते काढून टाकणे. स्पोर्ट प्रकारात मागची आसने नव्हती, जाड गालिचा नव्हता, घड्याळ नव्हते. दार आतून ओढायला हाताची मूठ न देता साधा पट्टा दिला होता. यातली प्रत्येक वस्तू क्षुल्लक. पण थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते थेंबाथेंबाने रितेही होते.

दुसरी वाट म्हणजे पातळ करणे. स्पोर्टच्या बाह्यांगाचा काही पत्रा आणि काचा नेहमीपेक्षा पातळ होत्या. पण येथे सावध राहावे लागते. पत्र्याचा वाकण्याविरुद्धचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. १ मिलिमीटरचा पत्रा ०.८ मिलिमीटरचा केला, तर वजन २० टक्के कमी होते, पण ताठपणा ०.८ चा घन, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येतो.

तिसरी वाट म्हणजे पदार्थ बदलणे. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. पण त्याचा यंगचा गुणांकही साधारण एक तृतीयांशच! (पोलाद: घनता ७.८५, गुणांक २०० गिगापास्कल. ॲल्युमिनियम: घनता २.७, गुणांक ७० गिगापास्कल.) म्हणजे सरळ ताणल्या जाणाऱ्या सळईत पोलादाच्या जागी ॲल्युमिनियम वापरून, तेवढाच ताठपणा ठेवायचा असेल, तर फायदा जवळजवळ काहीच नाही. पत्र्याची गोष्ट मात्र वेगळी. तेवढ्याच ताठपणासाठी ॲल्युमिनियमचा पत्रा २०० ÷ ७० च्या घनमुळाइतका, म्हणजे १.४२ पट जाड घ्यावा लागतो. त्याचे वजन १.४२ × २.७ ÷ ७.८५, म्हणजे पोलादाच्या ०.४९ पट भरते. जाडी वाढूनही वजन निम्मे! घनाच्या नियमाने आधी आपले नुकसान केले होते. येथे तोच आपल्या उपयोगी पडला.

चौथी वाट म्हणजे आकार. बांबू पोकळ असूनही वाऱ्यात उभा राहतो, कारण त्याचे द्रव्य मध्यापासून दूर, जेथे ते वाकण्याला सर्वाधिक विरोध करते, तेथे आहे. १९९६ साली बाजारात आलेल्या लोटस कंपनीच्या एलीझ या इंग्लिश मोटारीचा सांगाडा अशाच पोकळ ॲल्युमिनियम पट्ट्यांचा होता. त्या वितळजोडाने न जोडता चिकटद्रव्याने जोडल्या होत्या. वितळजोडाच्या उष्णतेने ॲल्युमिनियम मिश्रधातू सांध्याजवळ मऊ पडतो आणि मग पट्टी जाड घ्यावी लागते. चिकटद्रव्याने ते टळले. या सांगाड्याचे वजन केवळ ६८ किलोग्रॅम होते आणि सबंध मोटारीचे सुमारे ७२५.

एक वजन कमी झाले, की दुसरेही कमी होऊ शकते, हेही लक्षात घ्या. अंग हलके, तर ब्रेक लहान चालतात. ब्रेक लहान, तर चाक लहान. चाक लहान, तर स्प्रिंग बारीक. या साखळीमुळे वजनाचा विचार आराखड्याच्या पहिल्या दिवशीच करावा लागतो. तयार मोटारीला नंतर भोके पाडून ते साधत नाही.

करून पाहा

जाड कागदाच्या जुन्या लग्नपत्रिकांच्या चार सारख्या पट्ट्या कापा. दोन पुस्तके १५ सेंटिमीटर अंतरावर ठेवा. एक पट्टी त्यांवर आडवी ठेवून मध्यभागी एक नाणे ठेवा आणि ती किती वाकली ते मोजपट्टीने मोजा. आता दोन पट्ट्या न चिकटवता एकावर एक ठेवून तेच करा. वाक साधारण निम्मा होईल. मग दोन पट्ट्या सर्वत्र डिंक लावून चिकटवा, पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा मोजा. वाक पुष्कळच कमी झालेला दिसेल. सिद्धान्ताप्रमाणे तो एका पट्टीच्या एक अष्टमांश हवा, कारण जाडी दुप्पट झाली आणि दोनाचा घन आठ. कागद तेवढाच, वजन जवळजवळ तेवढेच. फरक केवळ पट्ट्या एकमेकींवर घसरू शकतात की नाही याचा.

उरलेली चौथी पट्टी लांबीच्या दिशेने पन्हाळीसारखी दुमडा आणि किती नाणी पेलते ते पाहा.

हलकेपणाची किंमत

आतापर्यंत वजन काढण्याचे फायदे पाहिले. पण एका गोष्टीचा विसर पडून चालणार नाही. मोटारीत माणूस बसतो आणि मोटारीभोवतीही माणसे असतात.

११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत मर्सिडीज ३०० एस. एल. आर. ही मोटार दुसऱ्या मोटारीवर आदळून मातीच्या बांधावर गेली आणि तिचे भाग प्रेक्षकांत घुसले. चालक पिएर लव्हेग आणि ८० हून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. मोटार शर्यतींच्या इतिहासातील हा सर्वांत भीषण अपघात. मोटारीचे बाह्यांग हलके व्हावे म्हणून ते ‘इलेक्ट्रॉन’ नावाच्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे केले होते. प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या प्रकाशाने जळताना तुम्ही पाहिली आहे. तोच धातू तेथे पेटला. आग विझवण्यासाठी पाणी मारले, तेव्हा ती अधिकच भडकली. जळते मॅग्नेशियम पाण्यातील ऑक्सिजन ओढून घेते आणि हायड्रोजन मोकळा होतो. तो तर स्वतःच ज्वालाग्राही. अपघाताचे कारण मॅग्नेशियम नव्हते. पण वजनाच्या तक्त्यात ज्याची घनता १.७४ एवढीच नोंद होते, त्या धातूचा रासायनिक स्वभाव त्या दिवशी सर्वांसमोर आला.

दुसरा धोका दिसत नाही. एखादी तार वारंवार पुढेमागे वाकवली, की ती तुटते, जरी एकदा वाकवून ती तुटत नाही. यालाच धातूचा थकवा म्हणतात. हलक्या, पातळ सांगाड्यात प्रत्येक भागावर ताण अधिक पडतो आणि थकवा लवकर येतो. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक पाडले, तर भोकाच्या कडेला ताण तिपटीपर्यंत वाढतो आणि तडा तेथूनच सुरू होतो. पोर्शेच्या १९६९ सालच्या ९१७ या शर्यती मोटारीचा ॲल्युमिनियम नळ्यांचा सांगाडा अवघा ४२ किलोग्रॅमचा होता. त्याला तडा गेला तर कळावे कसे? अभियंत्यांनी नळ्यांत दाबाखाली वायू भरून ठेवला आणि दाबमापक बसवला. दाब उतरला, म्हणजे कोठेतरी तडा गेला! सायकलच्या ट्यूबचे पंक्चर जसे कळते, तसेच हे. हलकेपणा घेताना त्यांनी त्याची शंकाही बरोबर घेतली, हे यातले शिकण्यासारखे.

रस्ता वेगळा, शर्यतीचा मार्ग वेगळा

समजा, मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळली. आत ६० किलोग्रॅमचा, पट्टा बांधलेला माणूस आहे. त्याची गतिज ऊर्जा सुमारे ५,८०० ज्यूल. मोटारीचा पुढचा भाग अर्धा मीटर चेपत गेला, तर माणसावर सरासरी सुमारे ११,६०० न्यूटन बल येते, म्हणजे त्याच्या वजनाच्या वीस पट. हे सोसता येते. पण पाचच सेंटिमीटरांत थांबावे लागले, तर दोनशे पट! पुढचा चेपणारा भाग, दारांतील आडवे दांडे, आसनांचे पट्टे, हवेच्या पिशव्या हे सारे वजनच आहे. पण हे वजन अंतर आणि वेळ विकत घेते. रस्त्यावर समोरून ट्रकही येतो. टक्कर झाली, तर संवेग अक्षय्यतेच्या नियमाने हलक्या वाहनाच्या वेगात अधिक बदल होतो. शर्यतीत सगळ्या मोटारी साधारण एकाच वजनाच्या असतात. रस्त्यावर तसे नसते.

उलट उदाहरणही आहे. शर्यतीच्या मोटारीत चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवतात. मोटार उलटली तरी छप्पर चेपत नाही. तेथे चालकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असते आणि पट्ट्यांनी तो आसनाला जखडलेला असतो. तोच पिंजरा रस्त्यावरच्या मोटारीत बसवला आणि चालक उघड्या डोक्याने बसला, तर लहानशा टकरीतही डोके त्या नळीवर आपटू शकते. एकच वस्तू एका ठिकाणी रक्षक, दुसऱ्या ठिकाणी भक्षक.

आर. एस. मोटारीच्या ग्राहकांनीही याचा आपापल्या परीने निकाल लावला. १९७३ पर्यंत एकूण १,५८० मोटारी तयार झाल्या. त्यांतल्या हलक्या स्पोर्ट प्रकारच्या २००, तर टूरिंग १,३०० च्या आसपास. कंपनीने मोठ्या कष्टाने काढलेले वजन बहुतेकांनी पैसे देऊन परत घेतले! त्यांना रोज मोटार चालवायची होती; अर्ध्या सेकंदापेक्षा गालिचा आणि शांतता त्यांना प्रिय वाटली. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. कोणत्या कामासाठी, हे ठरल्याशिवाय कोणता किलो फालतू हे ठरत नाही.

हलके आणि भक्कम

मग हलकेपणा व सुरक्षितता यांचे वैरच आहे काय? नाही. १९८१ साली जॉन बर्नार्ड या अभियंत्याने आखलेली मॅक्‌लॅरन एम. पी. ४/१ ही शर्यती मोटार कार्बन तंतू आणि राळ यांच्या एकसंध कवचाची होती. असे कवच आदळले तर काचेसारखे फुटून जाईल, अशी शंका अनेकांना होती. त्याच वर्षी इटलीतील मोंझा येथे जॉन वॉटसन याची मोटार जोरात आदळली, एंजिनासह मागचा भाग तुटून वेगळा झाला आणि कवचातून वॉटसन चालत बाहेर आला. शंकेला उत्तर मिळाले. आज फॉर्म्युला वनच्या सर्व मोटारींची कवचे कार्बन तंतूंची असतात.

आणि त्याच फॉर्म्युला वनने, जेथे ग्रॅमाग्रॅमासाठी झटापट चालते, २०१८ पासून प्रत्येक मोटारीवर टायटेनियमची कमान सक्तीची केली. चालकाच्या डोक्याभोवतीच्या या कमानीला ‘हेलो’ म्हणतात. तिचे वजन सुमारे ७ किलोग्रॅम, तेही उंचावर, जेथे वजन सर्वांत महाग. अनेकांनी नाके मुरडली. रोमँ ग्रोजाँ हा फ्रेंच चालकही विरोधकांत होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीन येथे त्याची मोटार पोलादी कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि ती पेटली. कठड्याच्या पट्ट्या त्याच्या डोक्याशी आल्या, त्या कमानीने बाजूला सारल्या. अर्ध्या मिनिटाच्या आत तो हात भाजलेल्या स्थितीत, पण जिवंत बाहेर आला. आपला जीव त्या कमानीने वाचवला, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले.

तेव्हा वजन कमी करणे म्हणजे केवळ काढून टाकणे नव्हे. प्रत्येक किलोला ‘तू येथे काय काम करतोस?’ असे विचारणे, आणि उत्तर न देता येणाऱ्यालाच निरोप देणे. तुमच्यापैकी कोणी आपली सायकल हलकी करू पाहत असेल, तर कॅरियर आणि चिखलपंखे काढताना हा प्रश्न जरूर विचारावा. ब्रेक आणि घंटी यांना मात्र विचारण्याची गरज नाही. त्यांचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे.

स्वाध्याय

१. चारही टायरांच्या कडेचे प्रत्येकी १ किलोग्रॅम वजन कमी केले. वेग घेण्याच्या दृष्टीने हे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागातून किती किलोग्रॅम काढण्याबरोबर आहे?

२. पत्रा १ मिलिमीटरऐवजी ०.७ मिलिमीटर जाडीचा घेतला, तर त्याचा ताठपणा मूळच्या किती टक्के उरेल?

३. मॅग्नेशियमची घनता १.७४ आणि यंगचा गुणांक ४५ गिगापास्कल आहे. पोलादी पत्र्याएवढ्याच ताठपणाचा मॅग्नेशियमचा पत्रा पोलादाच्या किती पट वजनाचा होईल?

४. जादा चाक, मागची आसने, पुढच्या काचेचे पुसणे, आसनाचा पट्टा, आवाज शोषणारे अस्तर: यांपैकी रस्त्यावरच्या मोटारीतून काय काढता येईल आणि शर्यतीच्या मोटारीतून काय? वर्गात चर्चा करा आणि प्रत्येकाचे कारण द्या.

उत्तरे: (१) ८ किलोग्रॅम. (२) सुमारे ३४ टक्के. (३) जाडी सुमारे १.६४ पट, वजन सुमारे ०.३६ पट.